गावाकडच्या कच्च्या चढासाठी चार मीटरच्या आतली फोर बाय फोर: जिम्नी, थार की साधी एसयूव्ही?

तांबडीमाती
राधानगरी तालुक्यात गावी आठवड्याला फेरी असते. कोल्हापूरपासून डांबर ठीक आहे, पण शेवटचे दोन किलोमीटर कच्चे. आधी मुरूम, मग ओढा, त्यापुढे उभा चढ आणि त्या चढावरच एक आखूड वळण. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वीतभर खोल होतात. माणसं चार, शिवाय तांदळाचं पोतं नि खताच्या दोन पिशव्या. बजेट सगळं धरून १६-१७ लाख.

मारुतीची जिम्नी, महिंद्राची थार, फोर्सची गुरखा या चार मीटरच्या आतल्या खऱ्या फोर बाय फोर. त्याच पैशात जास्त जागेच्या, जास्त आरामाच्या, पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या एसयूव्ही येतात आणि त्यांचाही ग्राउंड क्लिअरन्स २०० मिमीच्या आसपास असतो. रुबाब बाजूला ठेवून सांगा, या छोट्या फोर बाय फोर नेमकं काय जास्तीचं देतात? आणि ते माझ्या रस्त्याला लागतं का?

लो_रेंज
तीन गोष्टी देतात: लो रेंज गिअर, चारही चाकांना ताकद आणि आखूड, अरुंद, हलकं अंग. यातली पहिली सगळ्यात मोलाची, आणि शोरूममध्ये तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

जिम्नीचं उदाहरण घ्या. १४६२ सीसीचं के१५बी पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, टॉर्क फक्त १३४ एनएम आणि तोही ४००० आरपीएमला. आकडे बघून कोणी म्हणेल, ही काय चढ चढणार? पण ४एलमध्ये, म्हणजे चारही चाकं लो रेंजवर असताना, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअर आणखी दुप्पट आखूड करते. मॅन्युअलमध्ये पहिला गिअर, ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियल (अक्षावरचा, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गोळा) यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार साधारण ३६ येतो. म्हणजे इंजिनाचे ३६ फेरे तेव्हा चाकाचा एक. १००० आरपीएमला गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश सरकते. क्लच पूर्ण सोडलेला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला, आणि तरी चाकावर टॉर्क भरपूर.

साध्या एसयूव्हीत हाच चढ हाफ क्लचवर काढावा लागतो. वळणावर थांबून पुन्हा उठवताना क्लच प्लेटचा वास येतो तो त्यामुळेच. चढ दर आठवड्याला असेल तर हा खर्च दर आठवड्याला होतो.

घाटमाथा
चढाचा आकडा सांगा आधी. नुसतं 'उभा' म्हणून भागत नाही. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप डॅशबोर्डवर ठेवलं तरी अंश कळतात, मात्र सपाटीवर आधी शून्य करून घ्या.

मुळशीकर
थोडा विरोधी सूर लावतो. मुरमाचा चढ, ओढ्याला फरशी असेल, तर पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्हीसुद्धा वर्षातले दहा महिने जाते. चांगल्या एटी (डांबर आणि माती दोन्हींसाठीच्या) टायरवर अकरावा महिनाही जाईल. दोन महिन्यांच्या चिखलासाठी बारा महिने कमी जागा, कमी मायलेज आणि डांबरावर डुलणारी गाडी कशाला? जिम्नीची डिकी मागची सीट उभी असताना २०८ लिटर. चार माणसं बसल्यावर तांदळाचं पोतं कुठे ठेवणार?

तांबडीमाती
@घाटमाथा, सगळ्यात वाईट भागात पाचास एक, म्हणजे ११ अंशांच्या आसपास. वळणावर आतली बाजू त्याहून तीव्र. ओढ्याला फरशी नाही, तळाशी गोटे आहेत.

घाटमाथा
मग चढ हा प्रश्न नाही. ११ अंश काँक्रीटवर कुठलीही गाडी चढते. तुमचा प्रश्न पकड आणि चाकोऱ्या हा आहे.

लो_रेंज
@मुळशीकर दादा, चढावर पुढच्या चाकांच्या गाडीची अडचण समजून घ्या. गाडी वर तोंड करून उभी राहिली की वजन मागे सरकतं. ओढणारी चाकं पुढची, नि तीच हलकी होतात. त्यात चार माणसं आणि पोती मागे. मुरूम सैल असेल तर पुढचं चाक जागेवर फिरून खड्डा खणतं. एटी टायरने पकड सुधारते, वजन कुठे पडतं ते बदलत नाही.

चाकोऱ्यांचं वेगळं. वळणावर गाडी तिरकी होऊन पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी आलं, तर डिफरेन्शियल उघडं (लॉक नसलेलं) असलेल्या फोर बाय फोरमध्येसुद्धा तीच दोन चाकं फिरतात, जमिनीवरची दोन गप्प उभी. इथे जिम्नीत ब्रेक एलएसडी कामाला येतं: मोकळं फिरणारं चाक ब्रेकने आवळलं जातं आणि ताकद दुसऱ्या बाजूला जाते. नवशिके इथेच चुकतात. चाक फिरताना दिसलं की पाय काढतात, आणि सिस्टिमला आवळायला काही उरतच नाही. पाय २००० आरपीएमच्या आसपास स्थिर ठेवायचा, दोन-तीन सेकंद कट-कट आवाज येऊ द्यायचा. गाडी निघते.

गोटा_आणि_गाळ
अनुमोदन. थारच्या फोर बाय फोरमध्येही ब्रेकवर चालणारी अशी सोय आहे, शिवाय डिझेलच्या वरच्या मॉडेलमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल मिळतं. ते चाकांच्या वेगातला फरक वाढला की आपोआप लॉक होतं, ब्रेक तापत नाहीत. गुरखात तर पुढे-मागे दोन्ही लॉक चालक स्वतः लावतो. नुसतं चिखलाचं काम असेल तर गुरखासारखी गाडी नाही: २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, ३२० एनएम, ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता, स्नॉर्केल कंपनीतूनच. पण या बजेटात ती बसत नाही.

सड्यावरून
रुंदीवर कोणी बोललं नाही अजून. जिम्नी १६४५ मिमी, थार १८२०. कागदावर फरक पावणेदोनशे मिमीचा, म्हणजे हाताच्या पंजाएवढा. पण दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या पाणंदीत हाच फरक आरसा मिटवावा लागतो की नाही ते ठरवतो. समोरून बैलगाडी आली तर अरुंद गाडी बांधाला चिकटून उभी राहू शकते. राजमाचीच्या वाटेवर, लोणावळ्याहून उधेवाडीकडे जाताना, रुंद गाड्या चाकोरीत उतरतात तिथे जिम्नी एक चाक मधल्या उंचवट्यावर नि एक कडेला ठेवून जाते.

तांबडीमाती यांनी एक काम करावं. टेप घेऊन चाकोरीच्या मधल्या उंचवट्याची उंची मोजावी, गाडीच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

घाटमाथा
बरोबर. त्याला जोडून एक. जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, कॉइल स्प्रिंगवर. तिचा २१० मिमी क्लिअरन्स डिफरेन्शियलच्या गोळ्याखालचा आहे आणि गाडी कितीही भरली तरी तो तेवढाच राहतो, कारण गोळा चाकांच्याच पातळीवर असतो. इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणाऱ्या) गाडीत चार माणसं नि पोती भरली, वर खड्ड्यात आपटली की २०० चे १५० व्हायला वेळ लागत नाही. 'क्लिअरन्स सारखाच' हे रिकाम्या गाडीपुरतं खरं.

उलट बाजूही सांगतो. अखंड अ‍ॅक्सलची गाडी डांबरावर एका बाजूच्या खड्ड्याने दोन्ही बाजूंनी हलते, आणि जिम्नीचं स्टिअरिंग रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचं असल्याने सरळ रस्त्यावर मधोमध सैलसर वाटतं. कोल्हापूर-पुणे हायवेवर रोज धावायचं असेल तर याचा विचार कराच.

करसल्लागार_कोथरूड
किमतीत एक मेख आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल गाड्यांना जीएसटीचे दोनच टप्पे झाले. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, बाकी सगळं ४० टक्के. जिम्नी लांबीत बसते, ३९८५ मिमी, पण १४६२ सीसी पेट्रोल असल्याने ४० मध्ये जाते. आधी सेस धरून ४५ होता, तेवढा थोडा दिलासा. थारचं १.५ लिटर डिझेल मात्र ३१ वरून थेट १८ वर आलं.

म्हणून शोरूममध्ये 'थार आता स्वस्त' असं ऐकाल ते याच मॉडेलबद्दल असतं. ते फक्त मागच्या चाकांवर चालतं, लो रेंज नाही. तांबडीमाती यांना जे हवं आहे नेमकं तेच त्यात नाही.

मुळशीकर
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मागच्या चाकांवरची गाडी चढावर पुढच्यापेक्षा बरी ना? वजन मागेच येतं.

लो_रेंज
हो, चढताना नक्कीच बरी. उतरताना आणि तिरक्या चाकोरीत नाही. आणि उतार विसरू नका. ओल्या मुरमावर खाली येताना ४एल पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला पाय लावावा लागत नाही. ब्रेकने चाक लॉक झालं की गाडी स्टिअरिंग ऐकत नाही. उतरणीवरची सुरक्षितता हेच लो रेंजचं खरं दान.

पांढरीची_माणसं
परभणीकडून. आमच्या काळ्या मातीत वरचं सगळं अर्धंच लागू पडतं. काळी माती टायरच्या खाचांत भरते, दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकं असोत की दोन, सगळी सारखीच घसरतात. इथे हलकी गाडी आणि अरुंद टायर जिंकतात, कारण अरुंद टायर वरचा गारा कापून खालच्या घट्ट थराला पोहोचतो. जिम्नीचे मूळ १९५/८० आर १५ टायर त्या दृष्टीने ठीक आहेत, पण त्यावरची नक्षी हायवेची. पहिला सेट झिजला की एटी घ्या, आणि रुंद घेण्याचा मोह आवरा.

हवा_कमी
टायरचा विषय निघालाच आहे तर आकडेमोड देतो, कारण साईझ बदलताना पुष्कळ गोंधळ होतो.

१९५/८० आर १५ चा व्यास साधारण ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ चा ७०४. म्हणजे क्लिअरन्स जेमतेम ५ मिमीने वाढतो, स्पीडोमीटर दीड टक्का मागे पडतो. हा बदल निभतो. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३४: क्लिअरन्स २० मिमीने वाढतो, पण काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ ने चाललेली असते, गिअर जवळजवळ सहा टक्के लांब होतात आणि १३४ एनएमचं इंजिन घाटात हाफायला लागतं. पूर्ण वळवल्यावर टायर घासतोही. लो रेंजसाठी पैसे मोजायचे आणि मोठ्या टायरने तेच गिअर लांब करायचे, हा व्यवहार तोट्याचा.

फुकटातली सुधारणा म्हणजे हवा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो दाब आहे तो डांबरासाठी. सैल मुरूम नि चिखलात १८-२० पीएसआय, वाळूत १५-१६. त्याखाली साध्या रिमवर जाऊ नका, आखूड वळणावर टायर रिमवरून निसटतो. हवा कमी केल्यावर वेग ताशी ३० च्या आत, आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरायची. त्यासाठी थेट बॅटरीला क्लिपने जोडायचा १२ व्होल्टचा कंप्रेसर घ्या. सिगारेट लायटरवर चालणारे छोटे कंप्रेसर दोन टायरांतच तापतात.

पाचही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे ठेवा आणि स्टेपनीला धरून पाचांची अदलाबदल करा. पुढे झिजलेले नि मागे नवे असतील तर ४एचमध्ये (साध्या गिअरवर चारही चाकं जोडलेली) ट्रान्सफर केसवर ताण येतो.

धनश्री_सांगली
@हवा_कमी, ४एच डांबरावर लावायचं नाही म्हणतात, ते का हे जरा उलगडून सांगाल का? पावसात हायवेला सगळे लावतात.

हवा_कमी
सांगतो ताई. या गाड्यांत मधलं डिफरेन्शियल नाही. ४एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती असेल तर फरक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागा नसते. ताण शाफ्ट, जॉइंट आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर २एचला (फक्त मागची चाकं) यायला तयार होत नाही. तसं झालंच तर दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. भरपावसात सरळ रस्त्यावर चालून जातं, पण वळणाचा घाट असेल तर २एच आणि ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टिम) पुरेसं आहे.

सड्यावरून
लिव्हरवरून आठवलं. ४एचला चालत्या गाडीत, चाकं सरळ ठेवून जाता येतं. ४एलला नाही. गाडी पूर्ण थांबवा, क्लच शेवटपर्यंत दाबा, लिव्हर खाली दाबून मागे ओढा, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच क्लच सोडा. चढाच्या मध्यावर हे करायला जाऊ नका. पायथ्याला, सपाटीवर लावून घ्या.

हमामात्सुहून
जरा अवांतर. हीच पाच दारांची जिम्नी गुरुग्रामच्या कारखान्यातून जपानला येते, इथे तिचं नाव जिम्नी नोमेड. जानेवारी २०२५ च्या शेवटी बुकिंग उघडलं आणि चार दिवसांत ५०,००० च्या आसपास मागण्या आल्याने कंपनीला ते थांबवावं लागलं. जपानी जंगलखात्याच्या वाटा इतक्या चिंचोळ्या असतात की इथे ६६० सीसीची, १४७५ मिमी रुंदीची केई (जपानमधल्या छोट्या गाड्यांच्या वर्गातली) जिम्नीच जास्त दिसते. सड्यावरून यांनी रुंदीचा मुद्दा काढला तो अगदी योग्य आहे.

गोटा_आणि_गाळ
नोमेडवरून व्हीलबेसचा मुद्दा. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिमी, आपल्या पाच दारांचा २५९०. त्यामुळे पोट टेकण्याचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला. पुढचा ३६ आणि मागचा ५० अंश उत्तमच आहेत. म्हणजे बांध ओलांडताना तोंड नि शेपूट आपटणार नाही, पोट आपटेल. असा बांध सरळ न घेता तिरका घ्यावा, एकेक चाक करून. बदल्यात मागे माणसं नीट बसतात आणि लांब चढावर गाडी कमी उचलते.

ओहोळ
ओढ्याबद्दल कोणीच विस्ताराने लिहिलं नाही, आणि सगळ्यात महागडं नुकसान तिथेच होतं.

जिम्नीच्या चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण ३४५ मिमीवर येतो. पाणी तिथवर आलं की थांबायचं, हा साधा नियम. थारला कंपनी ६५० मिमी सांगते, पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा, वाहत्या ओढ्याचा नाही. इथे जिम्नीचं हलकं वजन, जेमतेम १२०० किलो, उलटं पडतं: वाहतं पाणी तिला थारच्या आधी ढकलायला लागतं. आधी काठी घेऊन चालत जा. तळाचे गोटे हलतात का ते पायाला कळतं. मग ४एल, पहिला किंवा दुसरा गिअर, पुढे छोटी लाट राहील एवढ्या संथ वेगाने, मध्ये क्लच न दाबता.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा, ओला असेल तर टोईंग.

आणि दर पावसाळ्यानंतर दोन्ही डिफरेन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासा. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आत हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) चिखलाने बुजला असेल तर सील पाणी आत ओढतं. ड्रेन बोल्ट सैल केल्यावर दुधी रंगाचं तेल आलं तर पाणी आहेच. लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

घाटमाथा
ओहोळ काकांच्या यादीत पुढच्या अ‍ॅक्सलची भर घालतो. जिम्नीची पुढची हब व्हॅक्यूमने जोडली जातात. चाकाजवळ जाणारी बारीक रबरी नळी काट्याकुट्याने निसटली किंवा चिरली की ४एचचा दिवा लागतो पण पुढचं चाक ओढत नाही, किंवा करकर आवाज येतो. अनेक गॅरेजवाले ट्रान्सफर केस उघडायला निघतात. आधी नळी बघा.

दुसरं, ताशी ६०-७० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं तर या क्रमाने जा: चाकांवर आतून सुकलेला चिखल, मग बॅलन्सिंग, मग पॅनहार्ड रॉडचे बुश आणि टाय रॉडची टोकं, मग किंगपिन बेअरिंग. स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकला की थरथर दबते, पण मूळ कारण तसंच राहतं आणि काही महिन्यांत परत येतं. बहुतेक वेळा नुसता चिखल धुऊन काम होतं.

करसल्लागार_कोथरूड
कायद्याचंही बघा. लोखंडी बुलबार केंद्राच्या २०१७ च्या पत्रकानुसार चालत नाही, आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही तो आडवा येतो. टो हुक कंपनीचेच वापरा. कोकणात नि गोव्यात पुळणीवर गाडी घालू नका. गोव्यात तर तो गुन्हाच आहे, आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

तांबडीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. टेपने मोजलं. चाकोरीचा मधला उंचवटा १७०-१८० मिमी, वळणावर वाटेची रुंदी सव्वादोन मीटर. ओढ्याचं पाणी साध्या पावसात गुडघ्याच्या खाली.

आता दोनच शंका. सामानाचं काय? आणि चढावर मध्येच गाडी अडली तर नेमकं करायचं काय, कारण वळणाच्या बाहेर दरी आहे.

धनश्री_सांगली
सामानाचं मी सांगते. मागची सीट ५०-५० दुमडते. तीन माणसं असतील तर पोतं आणि पिशव्या आरामात बसतात. चार असतील तर खत वेगळ्या फेरीला. टपावर वजन टाकू नका. गाडी उंच नि अरुंद आहे, तिरक्या वळणावर वरचं वजन बाहेर ओढतं. मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनी आहे, म्हणून अंगणात मागे जागा सोडून लावा.

लो_रेंज
दरी आहे म्हणून हे नीट वाचा. गाडी अडली की क्लच दाबून मागे सोडायची नाही. ब्रेक घट्ट दाबा, इंजिन बंद पडलं तरी पडू द्या. हँडब्रेक ओढा. चाकं सरळ करा. ४एलमध्येच रिव्हर्स गिअर टाका, इंजिन सुरू करा आणि क्लच सोडता सोडता हँडब्रेक आणि ब्रेक हळूहळू सोडा, शेवटी क्लच पूर्ण सुटलेला हवा. इंजिनच गाडीला आल्या वाटेने सरळ खाली आणतं. चढावर गाडी आडवी करून वळवायचा प्रयत्न कधीही करायचा नाही, उलटते ती तेव्हाच. खाली आल्यावर हवा २० वर आणा आणि दुसरी ओळ धरून चढा.

तुमच्या मापांवरून माझं मत: सव्वादोन मीटरच्या वळणावर १८२० ची गाडी दोन्हीकडे वीतभर जागा सोडते, १६४५ ची दीड वीत. दरीच्या बाजूला ती अर्धी वीत मला हवी. जिम्नी मॅन्युअल घ्या. ऑटोमॅटिक चार गिअरचं आहे, चढताना टॉर्क कन्व्हर्टर मदत करतो, पण उतरताना मॅन्युअलइतकं इंजिन गाडीला धरत नाही.

मुळशीकर
१८० च्या उंचवट्यावर भरलेली साधी एसयूव्ही पोट घासणार, हे मान्य. मत बदललं. फक्त टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका, गाडी गावी नेऊ देतात का ते विचारा.

गोटा_आणि_गाळ
जुनी बघत असाल तर एक तपासणी सांगतो, जिम्नी असो वा थार. मोकळ्या मातीच्या मैदानात ४एच लावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि क्लचवर पाच-सहा मीटर हळू फिरा. पुढचा भाग अडखळत, ओढल्यासारखा चालला तर फोर व्हील जोडलं जातंय. गाडी अगदी मोकळी फिरली तर पुढचा शाफ्ट किंवा हब काम करत नाही. मग पुढच्या चाकामागचा गोल नकल बघा: ग्रीसची पातळ झिलई चालते, जाड ओघळ असतील तर सील गेलेलं आहे, त्याचे पैसे किमतीतून वळते करून घ्या.